मावंद्याच्या परातीत काशीची बर्फी

माझ्या थोरल्या दिरांनी काशीहून भांगेची बर्फी आणली, आणि तीही अगदी जबाबदारीनं आणली. हा 'जबाबदारीनं' शब्द त्यांचा. मला विचाराल तर मी वेगळा शब्द वापरेन, पण मी पडले कामोठ्यात शिकवण्या घेणारी बाई. तोंड सांभाळून बोलायची सवय लागलीय, निदान लिहिताना तरी.

दिरांना आम्ही सगळे दादा म्हणतो. गाव विमानतळाखाली गेलं, करंजाड्यात शेजारी शेजारी प्लॉट मिळाले, आणि दोन्ही भावांनी मिळून एकच बिल्डिंग बांधली. तळमजल्यावर दादा आणि माझ्या जाऊबाई, वर आम्ही. दादांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी खिळा ठोकत नाही. माणूस वाईट नाही हो, जीव लावणारा आहे. पण सगळं आपल्यालाच कळतं ही एक खोड, आणि 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. रस्ता चुकले तरी म्हणतात, "मुद्दाम लांबून आनलं, हवा खायला."

त्या वर्षी आमच्या घरात एकाच गोष्टीचा घोष चालला होता, तो म्हणजे माझ्या लेकीचं जहाज. सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेला, खाडीपलीकडचं जग त्यांनी लांबूनच बघितलं. आणि त्यांची नात डेक कॅडेट झाली, म्हणजे जहाजावरची शिकाऊ अधिकारी. शिकणं एक वेळ सोपं, पण शिकून झाल्यावर जहाज मिळायला मुलींना किती वाट बघावी लागते ते मला विचारा. वर्ष उलटून गेलं. बरोबरची मुलं दोनदा जाऊन आली, हिचा फोन काही वाजेना. पोरगी हसतमुख, पण रात्रीच्या जेवणात भाकरी चिवडत बसायची, ते आईला दिसतंच ना. शेवटी एकदाचं बोलावणं आलं. सोमवारी सकाळी बेलापूरला मेडिकल, आणि ते नीट झालं की आठवड्याच्या आत जहाज.

मेडिकलमध्ये डोळे, कान, छाती, रक्त सगळं बघतात. आणि लघवी तपासतात, नशापाण्यासाठी. "त्यात काही सापडलं ना आई, तर जहाज गेलंच, वर नावावर डाग बसतो. मग कोण घेणार? म्हणून बाहेरचं काही खाऊ नका असं ऑफिसनं बजावलंय." असं तिनं आम्हाला जेवताना सांगितलं होतं. मी हसले होते. म्हटलं, आपल्या घरात कसली आलीय नशा, तुझा बाप चहासुद्धा अर्धा कप पितो.

मेडिकल सोमवारी आणि आमचं मावंदं रविवारी. काशी करून आलं की गंगेची पूजा घालायची, सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालायचं, तीर्थप्रसाद वाटायचा. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. यात्रेला दादा, जाऊबाई आणि मी असे तिघं गेलो होतो. माझ्या नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही, मिळाली असती तरी तो आला असता असं नाही.

काशीत आवडती वस्तू सोडायची असते. दादांनी मोठ्या गंभीर चेहऱ्यानं गंगेत उभं राहून कारलं सोडलं. जन्मात कारलं त्यांनी ताटात घेतलं नव्हतं. जाऊबाईंनी तिथंच पाण्यात कपाळावर हात मारून घेतला, गुरुजींना वाटलं मंत्रातलाच भाग आहे.

आता बर्फीचं. पुढचं सगळं मला नंतर कळलं, तेव्हा कळलं असतं तर बर्फी गंगेत गेली असती आणि तिच्या मागोमाग दादा.

दादांचे गुडघे दुखतात. घाटावर एक गृहस्थ भेटले, त्यांनी सांगितलं, झोपताना बर्फीचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, गुडघे आहेत हेच विसरायला होतं. भांग म्हणजे शंकराचा प्रसाद, तिथं तिची रीतसर सरकारमान्य दुकानं, पाटी लावलेली. दादांना 'सरकारमान्य' हा शब्द फार आवडतो. मी आणि जाऊबाई बांगड्या बघत होतो तेवढ्यात हे जाऊन बर्फीचा खोका घेऊन आले. पण काशीचं काहीही मावंदं झाल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून गुडघ्यांना सांगितलं, थांबा, घरी जाऊ.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर दोघं जण गप्पा मारत होते. त्यातला एक म्हणाला की इकडे भांगेला दुकान असलं तरी पलीकडच्या राज्यात परवाना लागतो, सापडलं तर पोलीस उतरवून घेतात. दादांचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं पोट बिघडलं. पिशवी घेऊन ते उठले, डब्याच्या टोकाला संडासात गेले, बराच वेळ तिकडेच. आत जाऊन त्यांनी काय केलं, तर भांगेच्या दुकानाचा खोका फाडून खिडकीतून फेकला, आणि आम्ही घेतलेल्या पेढ्यांच्या एका खोक्यातले पेढे दुसऱ्यात कोंबून तिथं बर्फी लावली. वर विश्वनाथाचा फोटो. देवाच्या फोटोखाली कुठला पोलीस हात घालतो! आहे ना डोकं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्या दादांचा बैल भरलेला होता, तेवढाच फरक.

पनवेल येईपर्यंत पिशवी उशाला घेऊन झोपले. मी म्हटलं, दादा, द्या ती वर ठेवते. तर माझ्यावर खेकसले, "देवाचं हाय त्याच्यात, हात लावू नको." मला आपलं भरून आलं. म्हटलं, काशीनं माणूस बदलला.

घरी आल्यावर सगळं देवघरात. दादांनी तो खोका एकदम वरच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवला. कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, हे त्यांना माहीत होतं. आमच्या बोलण्याला भिऊन माणसं काय काय करतात बघा.

रविवारी पहाटेपासून धावपळ. मावंद्याला आमच्याकडे मासळी-मटण नाही, त्यामुळे आगरी पाहुण्यांना खूश करायचं म्हणजे डोक्याला ताप. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, पुरणपोळ्या, खीर. दादा सोवळं नेसून पूजेला बसलेले, यजमान म्हणून उपाशी. यजमानानं सगळे जेवल्यावर शेवटी जेवायचं, प्रसादसुद्धा शेवटी घ्यायचा, हा नियम.

आणि आमच्या घराण्याची आणखी एक रीत. ज्यांनी ज्यांनी यात्रा केली त्यांनी आणलेला सगळा प्रसाद एकाच परातीत कुस्करायचा. ह्याचा पेढा मोठा, त्याचा लहान, ह्याच्या देवाचा, त्याच्या देवाचा असलं काही उरू नये म्हणून. चुरमुरे, साखरफुटाणे, पेढे, सगळं एक करायचं आणि मुठीमुठीनं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, परातीत सगळे देव सारखे. जाऊबाईंनी देवघर पुसून काढलं, फळीवरचे होते नव्हते तेवढे खोके उतरवले, आणि आम्ही दोघी परातीशी बसलो.

एका खोक्यात हिरवट वड्या निघाल्या.

"पिस्ता हाय गो," जाऊबाई म्हणाल्या.

मी रीत विसरून बोट चाटलं. "कडवट लागतोय हो ताई."

"काशीचा पिस्ता हाय. तुला कामोठ्याची बर्फी म्हाईत."

कुस्करलं सगळं. चांगलं मळून मळून, एकजीव केलं. मी हाताला काम लागलं की नीट करते, अर्धवट मला जमत नाही.

आरती झाली, परात फिरली. मीच वाटत होते. लेक दाराशी उभी होती, तिनं हात पुढे केला आणि जरा थांबली.

"आई, हे बाहेरचं आहे का?"

"बाहेरचं? अगं काशीचं आहे! मी आणि काकूनं आपल्या हातानं कालवलंय. प्रसादाला असं विचारतात होय?" असं म्हणून मी मूठभर तिच्या तोंडातच घातलं. तिनं खाल्लं. मग हसून म्हणाली, "मस्त आहे, अजून दे." आणखी एक चिमूट दिली.

पंगती बसल्या, उठल्या. पहिला तास सगळं छान. मग भटजी दक्षिणा घेऊन निघाले ते दारापर्यंत गेले, परत आले आणि पाटावर बसून आरती म्हणायला लागले. लोकांना वाटलं राहिली असेल एखादी. उभं राहून टाळ्या वाजवल्या. आरती संपली. भटजी निघाले. चपलेपर्यंत गेले, चपलेकडे बघितलं, परत आले. पुन्हा आरती. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, झाली ना?" तर त्यांनी अशा करुणेनं त्याच्याकडे बघितलं की तोही टाळ्या वाजवायला लागला.

पाहुण्यांत आमच्या जुन्या गावची एक म्हातारी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या बरोबरीनं धवलारीण लागते, धवले गाऊन लग्न तीच लावते. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून शांत बसली होती. एकदम तिनं आवाज लावला. लग्नाचा धवला! मावंद्यात! बायका आधी हसल्या, मग एकेक करून सगळ्या तिच्यामागं गायला लागल्या. सुरेख गात होत्या, खोटं कशाला बोलू. गाता गाता म्हातारी थांबली नि ओरडली, "नवरी कुठाय? हलदीचा टाइम निंगून चाललाय!"

आता धवला लागला म्हणजे नवरी पाहिजेच, हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी स्वतः हळदीचा डबा आणायला गेले हे मला स्पष्ट आठवतंय. जाऊबाईंना पाटावर बसवलं. त्या लाजल्या. पासष्टीच्या बाईला मी इतकं लाजताना कधी बघितलं नव्हतं. गालाला हळद लावली तशा म्हणाल्या, "मुलगा काय करतो पन?"

माझा नवरा, ज्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे नारळ फोडण्यापेक्षा कठीण, तो एका पाहुण्याचा हात धरून बोलत होता. कारखान्यातल्या बॉयलरबद्दल. बॉयलरला काय वाटत असेल, ह्याबद्दल. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी.

आणि भूक! जेवून उठलेले लोक परत पंगतीला बसले. बिरडं संपलं, खीर संपली, मग नुसत्या भाकऱ्या खाल्ल्या, मग मिठाबरोबर कैऱ्या. मी भिंतीशी उभी राहून एक भाकरी खात होते आणि मला वाटत होतं की तांदळाची भाकरी किती चांगली आहे, तिच्याशी मी आजवर नीट वागलेच नाही.

घरात एकच माणूस शुद्धीवर होता. उपाशी, सोवळ्यातला, डोळे फाडून सगळीकडे बघणारा. दादा.

त्यांना वाटलं, गंगामाय घरात संचारली. हात जोडून उभे राहिले. मग गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांना औषधाची आठवण झाली आणि ते देवघरात गेले. बाहेर आले ते पांढरेफटक.

"वरच्या फळीवरचा खोका कुठाय?"

"कुठला?" जाऊबाई पाटावरून म्हणाल्या. "तुमी मुलाकडचे का?"

"अगो खोका! हिरव्या बर्फीचा!"

"परातीत," मी म्हणाले. "कालवला. एकजीव."

दादा मटकन खाली बसले. आणि मग त्यांनी सांगितलं. घाटावरचे गृहस्थ, सरकारमान्य दुकान, गाडीतले दोघं, विश्वनाथाचा फोटो, सगळं. सांगून झाल्यावर मान वर करून म्हणाले, "मी जबाबदारीनं आनली होती. सरकारी दुकानातून घेतली. गाडीत उघडली नाय. पोरांच्या हाताला लागू नये म्हनून वर ठेवली."

माझं डोकं त्या वेळी रवीसारखं हळूहळू फिरत होतं, पण जिभेला काही झालं नव्हतं. म्हटलं, "आणि सांगितली कुणाला? पोलिसांपासून लपवली, देवाच्या फोटोखाली लपवली, घरच्यांपासून लपवली. त्या खोक्यावर कामाचं असं काही होतं तर ते वरचं नाव, नेमकं तेच तुम्ही फाडून फेकलंत! ह्याला जबाबदारी म्हणतात? निदान चिठ्ठी चिकटवायची, 'खाल तर बोंबलाल' म्हणून!"

बायका खो खो हसल्या. मीही हसले. 'बोंबलाल' हा शब्दच मला इतका आवडला की मी तो दोनतीनदा म्हणून बघितला. आणि मग, हसता हसता मध्येच थांबले. काहीतरी आठवायचं होतं. काहीतरी उद्याचं. सोमवारचं.

लेक!

ती वर आमच्या घरात गेली होती. मी जिना चढायला लागले. तो जिना आमच्याच पैशांनी बांधलेला आहे, पण त्या दिवशी तो वरून कुणीतरी वाढवत होतं. अर्ध्यावर पोचले आणि विसरले कशाला चाललेय. खाली आले. दादांचा चेहरा बघितला की आठवायचं. परत वर. परत विसरले. शेवटी मोठ्यानं "बर्फी, लघवी, जहाज" असा जप करत चढले. शेजारच्या बिल्डिंगमधली बाई गच्चीतून बघत होती, तिला मी हात केला.

पोरगी पलंगावर बसली होती. फरसाणाची पिशवी मांडीवर, एकेक शेव उचलून उजेडात धरून बघत होती आणि मग खात होती.

"तू प्रसाद किती खाल्लास?"

"तू दिलास तेवढा. का?"

मी सांगितलं. सरळ सांगता येईना, आधी बॉयलर, मग घाट, मग बर्फी असं करत सांगितलं. ती ऐकत होती. हातातली शेव तिनं पिशवीत परत ठेवली. नुसतं विचारलं, "नक्की भांगच?" मी मान डोलावली, आणि ती डोलवायची थांबेचना, शेवटी हातानं धरून थांबवली.

आम्ही खाली आलो. समोरच्या गाळ्यातल्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी म्हाताऱ्यांच्या नाड्या बघितल्या, कुणाला गाडी चालवू देऊ नका, पाणी पाजा, आडवं करा म्हणाले. उद्याच्या तपासणीत येईल का, असं विचारल्यावर म्हणाले, येऊ शकतं, बरेच दिवस येऊ शकतं. आणि नको म्हणत असताना त्यांच्या हातावरही जाऊबाईंनी परातीतला खालचा चुरा ठेवला, तो त्यांनी हुशारीनं खिशात घातला.

मग भरली सभा. लिंबू पाजा. चिंच पाजा. खाडीत बुडवून काढा. कुणी म्हणालं, दुसऱ्याची लघवी बाटलीत भरून न्यायची, कोण बघतंय! वा, काय पण अक्कल! पण त्या क्षणाला सगळ्यांना हे फारच पटलं. मग प्रश्न आला, कुणाची? एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांनी प्रसाद खाल्लेला. भरल्या घरात एक साधी लघवी मिळेना! शेवटी सगळ्यांच्या माना दादांकडे वळल्या.

दादा उभे राहिले. सोवळं सावरलं. "पोरीसाठी मी द्यायला तयार हाय."

"दादा," लेक म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू तिच्या नाकातून फुटलं, "त्यांना माझ्या रिपोर्टमध्ये म्हातारपणची साखर सापडेल."

घर कोसळेल एवढं हसलो आम्ही. धवलारीण पाटावर थापा मारत होती. हसू ओसरल्यावर बघितलं तर पोरीच्या हातात फोन.

"कुणाला लावतेस?"

"ऑफिसला. ड्युटीवरच्या साहेबांना. खरं सांगते."

"वेडी आहेस का? आत्ता? आधी जरा उतरू दे, शांत डोक्यानं—"

"आई, उतरली की माझा धीर पण उतरेल."

भटजीसुद्धा आरतीच्या मध्ये थांबले. ती खिडकीशी उभी राहून बोलली, सर, घरी पूजा होती, प्रसादात चुकून भांग आली, मी खाल्लीय, उद्या टेस्ट दिली तर पॉझिटिव्ह येईल, म्हणून आधी सांगतेय. पलीकडून काय बोलतायत कळेना. ती नुसती "हो सर," "हो सर" करत होती. मध्येच धवलारणीला उचकी लागली, दोघींनी तिच्या तोंडावर पदर धरला.

तेवढ्यात दादा पुढे झाले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मी पोरीचा काका बोलतोय. पोरीला कायपन म्हाईत नव्हतं. बर्फी मी आनली, मी लपवली. माझं चुकलं, साहेब. तिचं नाव कापू नका. पायजे तर मला बेलापूरला बोलवा, मी उभा ऱ्हातो तुमच्या पुढं."

पाटावरून जाऊबाई ताडकन उठल्या, गालावर हळद तशीच. "आइकलंस गो? यांनी 'चुकलं' म्हनलं! का मलाच चढलीय?"

साहेब चांगला माणूस असावा. नाव कापलं नाही. पण हे जहाज गेलं, ते दुसऱ्याला देणार. दोन महिन्यांनी परत मेडिकल, ते स्वच्छ आलं तर बघू, असं म्हणाले. बघू! वर्षभर त्या पोरीनं 'बघू' ऐकलं होतं.

फोन ठेवून ती हसायला लागली. पोट धरून, वाकून हसत होती. ती हसली म्हणून सगळे हसले, सुटलो एकदाचे म्हणून जास्तच हसले. मीपण हसत तिच्याजवळ गेले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि माझे हात ओले झाले. तेव्हा मात्र माझी सगळी उतरली.

म्हणाली, "बाहेरचं काही खाऊ नका असं सांगितलं होतं आई. घरचं खाऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं."

पुढचे दोन महिने मी स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. जाऊबाईंकडून आलेली वाटी बाहेरच्या बाहेर परत. सत्यनारायणाचं बोलावणं आलं की मी एकटीच जायचे आणि प्रसाद तिथल्या तिथं खाऊन यायचे. आजूबाजूच्या बायका म्हणायला लागल्या, ह्यांना भलतंच सोवळं चढलंय. म्हणा बापडे. दादा रोज सकाळी वर येऊन दारातूनच विचारायचे, "फोन आला?" आणि नाही म्हटलं की तसेच गुडघे धरत खाली उतरायचे. औषधाचं नाव काढलं नाही परत.

फोन आला. मेडिकलच्या दिवशी सकाळी पोरगी पांढरा शर्ट घालून तयार झाली. देवाला नमस्कार केला, आम्हाला केला. घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची असते, अगदी शाळेच्या पहिल्या दिवसापासून मी ते कधी चुकवलं नाही. त्या दिवशी मी दही लावलंच नव्हतं. माझ्या हातचं काही तिच्या तोंडात घालायची हिंमतच होत नव्हती. पर्स तपासल्यासारखं करत, पाण्याची बाटली भरल्यासारखं करत मी इकडेतिकडे करत राहिले.

ती दारात चपला घालून थांबली. "दही कुठंय?"

"राहू दे गं आज. उगाच कशाला... जा तू."

ती चपला काढून आत आली, फ्रिज उघडला. पिशवीतलं विकतचं दही होतं, ते वाटीत काढलं, वर साखर घातली आणि वाटी माझ्या हातात दिली. मी आधी स्वतः एक चमचा खाल्ला. मग आणखी एक. मग तिच्याकडे बघत उभी राहिले.

"आता काय दोन तास थांबून बघणारेस, तुला काय होतंय ते?" ती म्हणाली. "रिक्षा उभी आहे आई."

मग तिनं हात पुढे केला नाही. तोंडच उघडलं.